वाकून बघायचा चष्मा

'मला दिसत नाही' असं म्हणत चष्म्याच्या दुकानात येणारं माणूस मी फार थोडं पाहिलं. लोक येतात ते दुसऱ्याच कशाची तरी तक्रार घेऊन. शिंपी म्हणतो, हल्ली सुयांची भोकंच बारीक यायला लागली. आज्जी म्हणतात, तांदळात खडे वाढले. एक निवृत्त तलाठी मला गंभीरपणे म्हणाले होते की वर्तमानपत्रवाल्यांनी शाईत पाणी घालायला सुरुवात केलीय. मी ऐकून घेते, 'हो ना' म्हणते आणि खुर्चीवर बसवते. औरंगपुऱ्यातल्या आमच्या दुकानात वडिलांनी मला पहिली शिकवलेली गोष्ट हीच. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, भिंतीवरच्या अक्षरांना घालू द्यायचा.

अंबादासराव तुपे आले तेव्हा त्यांनी टेबलाची तक्रार आणली होती.

"टेबल एका अंगाला उतरलंय," ते म्हणाले. "दोनदा पाणसळ लावून बघितली. क्लबवाले म्हणतात सरळ हाय. मग चेंडू वाकडा का जातो?"

मला वाटलं जेवणाचं टेबल. जेवणाच्या टेबलावर चेंडू कशाला, असं मी विचारलंही. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढची दहा मिनिटं मी गप्प बसून स्नूकर म्हणजे काय ते ऐकून घेतलं.

बारा फूट लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, कडेला सहा खिसे. पंधरा लाल चेंडू आणि सहा रंगीत. पांढऱ्या चेंडूला काठीनं मारायचं आणि त्यानं दुसऱ्याला खिशात ढकलायचं. आधी लाल घालवायचा, मग एक रंगीत, मग परत लाल. लाल चेंडू गेला की गेला, रंगीत मात्र पुन्हा आपल्या ठरल्या जागी आणून ठेवतात. लाल मारायचा असताना दुसऱ्या रंगाला धडकलात तर चूक, आणि चुकीचे गुण समोरच्याला. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

तुपे पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. वय बासष्ट. मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनाजवळ घर, शेतं होती तिथं आता कॉलन्या उभ्या राहिलेल्या. दररोज दुपारी तीनला ते रिक्षानं एका जुन्या क्लबात जायचे. तिथलं टेबल मूळचं एका जहागीरदाराच्या बंगल्यातलं, अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर क्लबात आलेलं. तीस वर्षं त्या टेबलावर ते एकाच माणसाबरोबर खेळत होते, मोईन मास्तरांबरोबर. गेली दोन वर्षं तुपेच बहुतेक डाव जिंकत होते, पण त्यांना स्वतःचा खेळ आवडत नव्हता.

"जिंकतो, पण कसा जिंकतो ते माझं मलाच दिसत नाय," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन हसले. "हिनंच पाठवलं तुमच्याकडं. कुलपाच्या बाजूला किल्ली खुपसत होतो, ते बघितलं तिनं."

डोळे तपासले. नाकावरच्या चष्म्याचा नंबर जवळपास बरोबर होता. मग अडतंय कुठं? विचारता विचारता उलगडलं. त्यांचा चष्मा दुहेरी, वर लांबचं आणि खाली जवळचं. सरळ उभं राहून बघणाऱ्याला तो चालतो. पण स्नूकर खेळणारा उभा राहून बघतच नाही. तो टेबलावर ओणवा होतो, हनुवटी काठीला टेकवतो आणि भुवयांखालून वर बघतो. तेव्हा नजर काचेच्या अगदी वरच्या कडेतून जाते, नाहीतर फ्रेमच्याही वरून. म्हणजे गेली कित्येक वर्षं हा माणूस चष्मा घालून बिनचष्म्याचं खेळत होता.

मी सोनारांना चष्मे करून दिले होते, ट्रकवाल्यांना दिले होते, हिमरू शाली विणणाऱ्याला दिला होता. टेबलावर झोपून बघणारा माणूस माझ्याकडं पहिल्यांदाच आला. त्या दिवशी दुकान बंद करून घरी जाताना मला दुसरं काही सुचेना.

"मला तुम्ही खेळताना बघायचंय," मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं.

"बायका तिथं येत नाहीत."

"बंदी आहे का?"

"बंदी नाय. येत नाहीत."

"मग मी येते."

गेले. मी आत पाय ठेवला तसे कोपऱ्यातल्या दोघांनी पाय खाली घेतले आणि एकानं शर्टाचं वरचं बटण लावलं. टेबलावर तीन दिवे खाली लोंबत होते, बाकीची खोली अंधारी. बाकावर पांढऱ्या शर्टातले एक सडपातळ गृहस्थ उर्दू वर्तमानपत्र वाचत बसले होते. तेच मोईन मास्तर. सिल्लोडला उर्दू शाळेत पस्तीस वर्षं भूमिती शिकवून शहरात मुलीजवळ राहायला आलेले. वय सदुसष्ट. शाळेत असताना ते सुट्टीच्या दिवशी बसनं येऊन खेळायचे, आता रोज.

मी तुपेंना ओणवं व्हायला सांगितलं आणि टेप लावून मापं घ्यायला लागले. डोळ्यापासून काठीच्या टोकापर्यंत किती, पांढऱ्या चेंडूपर्यंत किती, पलीकडच्या खिशापर्यंत किती. अंतरं जमली. डोकं किती मागं कलतं तो कोन काही मोजता येईना. मी दुकानातून कोनमापक आणायला विसरले होते.

मोईन मास्तर उठले. हातातल्या वर्तमानपत्राचं एक पान काढलं, त्याचा कोपरा दुमडला, परत दुमडला.

"ये देखो बेटा. कागदाचा कोपरा नव्वद. एकदा मोडला, पंचेचाळीस. दुसऱ्यांदा, साडेबावीस." त्यांनी तो कोपरा तुपेंच्या कानशिलाला लावला, मग थोडा उलगडून परत लावला. "साडेबावीसपेक्षा जास्त, पंचेचाळीसपेक्षा कमी. पस्तीस धर. तुपेसाब, हिलो मत."

"मान दुखायली मास्तर."

"तीस साल से आपकी गर्दन ही दुखती है."

माणसाच्या डोक्याचा कोन वर्तमानपत्रानं मोजलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मला इतका आनंद झाला की मास्तरांनी ते वर्तमानपत्र आधी कसं धरलं होतं, याकडं माझं लक्षच गेलं नाही. खरं तर ते बघणं हाच माझा धंदा.

चष्मा तिसऱ्या खेपेला जमला. जुन्या पद्धतीची मोठ्या काचांची फ्रेम घेतली आणि ती उलटी केली, म्हणजे काचेचा मोठा भाग वर आला. नाकाच्या पट्ट्या बदलून काचा भुवयांच्याही वर उचलल्या. काड्यांचे सांधे घासून काचा अशा तिरप्या केल्या की माणूस वाकला की त्या नजरेला बरोबर आडव्या याव्यात. त्यात एकच नंबर घातला, टेबलाच्या अंतरापुरता. पहिला चष्मा वाकल्यावर घसरला. दुसऱ्यात टेबल वाडग्यासारखं खोलगट दिसायला लागलं. तिसरा बसला. दिसायला तो भयंकर होता. सरळ उभं राहिल्यावर तुपे घुबडासारखे दिसायचे. पण वाकले की बरोबर.

आठवड्यानं ते गुलमंडीवरून इमरती घेऊन आले. "चेंडूवरचा ओरखडा दिसतो ताई! पलीकडच्या खिशाचं कातडं कुठं फाटलंय ते हितून दिसतं!" दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांनी इमरती वाटली आणि चष्मा घालून काउंटरवर वाकूनही दाखवलं.

पुढं तीनेक आठवड्यांनी परत आले, तेव्हा हातात काही नव्हतं. बाकावर बसले आणि गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघत राहिले.

"तुमच्या चष्म्यानं लई वाईट केलं, ताई."

"नंबर बदलला का?"

"नंबर ठीक हाय. आता मला दिसतं, तेच वाईट झालं." त्यांचा आवाज चढला. "मास्तर माझ्याशी मुद्दाम हरतात. दोन वर्षं झाली. मला आधी कळायचं नाय, चेंडू चुकला एवढंच कळायचं. आता दिसतं ना, कसा चुकला! खिशापासून वीतभर लांब! तीस वर्षं खेळलेला माणूस वीतभर चुकतो? अन् लाल मारायचा तर तपकिरीला मारतात. चूक करून मला गुण देतात. भीक!"

"त्यांचंही वय झालंय, काका. दिसत नसेल."

"त्यांना? त्यांची नजर पोरासारखी हाय. पेपर बिनचष्म्याचा वाचतात. आधी वाचायचा चष्मा होता, दोन वर्षांमागं तोही सुटला."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. पण तुपे थांबायला तयार नव्हते. काल सगळ्यांसमोर मी मास्तरांना विचारलं, तुपे सांगत होते. विचारलं की तुम्ही मला मुद्दाम जिंकवता का? मास्तर काही वेळ काठीला खडू लावत राहिले. मग म्हणाले, हो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

"तीस वर्षांत माझा असा अपमान कुणी केला नाय," तुपे म्हणाले आणि उठून गेले.

त्यांना तेव्हाच थांबवायला हवं होतं. जे खटकलं होतं ते मला पक्कं माहीत नव्हतं, आणि तपासल्याशिवाय दुसऱ्याच्या डोळ्यांबद्दल बोलायचं नाही ही आमच्या धंद्याची शिस्त. पण शिस्तीच्या आड मी किती लपले आणि खरंच किती थांबले, हे आजही मला सांगता येत नाही.

काय खटकलं होतं ते सांगते. पन्नाशीनंतर वाचायला चष्मा लागतो, तो लागलेला असतो. तो आपोआप सुटत नाही. साठीपासष्टीनंतर एखाद्याचा अचानक सुटला तर घरचे पेढे वाटतात, आणि आमच्यासारखे आधी बॅटरी शोधतात. बऱ्याचदा डोळ्यातलं भिंग आतून पिकायला लागलेलं असतं. पिकता पिकता ते फुगल्यासारखं होतं, आणि काही काळ जवळचं छान दिसतं. लांबचं मात्र दिवसेंदिवस बुडत जातं. म्हणजे मोतीबिंदू. त्यात ते भिंग चहासारखं तपकिरी झालं की रंगांची गल्लत होते. निळा काळा दिसतो. तपकिरी आणि लाल शेजारी ठेवले तर कोणता कोणता ते कळत नाही.

चार दिवसांनी मोईन मास्तर स्वतःच दुकानात आले. बेगमच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता. मी स्क्रू लावेपर्यंत त्यांनी चष्म्याच्या काडीवरचे बारीक आकडे सहज वाचून दाखवले.

"अल्लाहची मेहेरबानी आहे, बेटा. या वयात असं वाचणारा क्लबात दुसरा नाही."

"सर, दोन मिनिटं खुर्चीवर बसा."

"मला काय झालंय?"

"काही नाही. असं का होतं ते मला बघायचंय."

भूमितीच्या मास्तरांना 'का' म्हटलं की राहवत नाही. ते बसले. समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर त्यांनी वाचलं, त्याखालचं अंदाजानं, आणि तिसऱ्या ओळीवर अडले. मी बॅटरीनं बघितलं. दोन्ही बाहुल्यांमागं घट्ट चहाचा रंग. मग मी फ्रेमच्या रंगांचे दोन तुकडे समोर धरले, एक लाल आणि एक तपकिरी.

"दोन्ही लाल," ते म्हणाले. आणि लगेच हळू आवाजात, "नाहीत ना?"

"नाहीत."

त्यांनी डोळे पुसले, रडू आलं म्हणून नाही, बॅटरीनं पाणी आलं होतं.

"मला माहीत होतं. काय झालंय ते नव्हतं माहीत, पण दिसत नाही हे माहीत होतं. तपकिरी चेंडू त्याच्या जागेवर असला की ओळखतो. जागा मला पाठ आहे. तिथून हलला की गेला."

"मग तुपेकाकांना खोटं का सांगितलंत?"

त्यांनी बेगमचा चष्मा खिशात ठेवला, परत काढला.

"त्यानं भर क्लबात विचारलं, मुद्दाम हरता का. आता मी काय म्हणू? नाही म्हटलं तर मग का हरता, ते सांगावं लागेल. हो म्हटलं तर त्याला राग येईल. मुझे दिखता नहीं म्हटलं, तर त्याला माझी कीव येईल. मग तोच माझ्यासाठी मुद्दाम हरायला लागेल. राग परवडला, बेटा."

मी ऑपरेशनचं सांगितलं. आता भिंग बदलून आत नवं बसवतात, चार दिवसांत माणूस हिंडतो. ते ऐकून घेत होते, पण त्यांचं मन दुसरीकडं होतं. त्यांच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, फार पूर्वी. तेव्हा डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून आठ दिवस हलू दिलं नव्हतं, आणि नवव्या दिवशी पट्टी काढली तर डोळा गेलेला.

"मी विचार करतो. पण तू तुपेला बोलायचं नाहीस. शब्द दे."

मी दिला.

नंतरचे दोन महिने वाईट गेले. मास्तर क्लबात जायचे बंद झाले. तुपे जात राहिले, जिद्दीनं, आणि बँकेतल्या तरुण साहेबांशी खेळायला लागले. रोज हरायचे. माझ्या दुकानासमोरूनच त्यांची रिक्षा जायची. पहिल्यांदा हात करायचे, मग ते बंद झालं. आणि एका दुपारी ते आत आले आणि उलट्या फ्रेमचा तो चष्मा काउंटरवर ठेवला.

"हा ठेवा तुमच्याकडं. कुणाला तरी उपयोगी पडंल."

"दिसत नाही का?"

"समदं दिसतं." ते बाकावर बसले. "ताई, एक इचारू? आधी मला चेंडू धड दिसत नव्हता, पण तो जाणार हे हाताला माहीत असायचं. आता दिसतो लख्ख. अन् मारायच्या आधी हातच मला इचारतो, जाईल का? एकदा हातानं इचारलं की चेंडू जात नाय. हे डोळ्याचं हाय का वयाचं?"

"मला डोळ्यांपुरतंच कळतं, काका."

"तिसऱ्या डावाला पाय भरून येतात. ती पोरं खुर्चीवर बसून माझ्याकडं बघतात, कवा संपंल म्हातारं, अशी. मास्तर असं कधी बघायचे नाहीत. मुद्दाम हरत होते, तरी बघत मात्र असायचे लक्ष देऊन." त्यांनी गुडघे चोळले. "बास झालं खेळणं. मुकुंदवाडीत घरासमोर बसंन."

मी चष्मा हातात घेऊन उभी होते. तोंडात शब्द होता आणि दिलेलाही शब्दच होता. तेवढ्यात दारात एक आज्जी आल्या, सिल्लोडजवळच्या खेड्यातल्या, लेकाचा हात धरून. लेक हसतच आला. आईचा वाचायचा चष्मा मोडला होता, पण नवा नको म्हणाला. "आईला आता चष्म्याशिवाय पोथी वाचता येती. नंबरच गेला बघा. फक्त तपासून द्या."

मी आज्जींना खुर्चीवर बसवलं. तपासलं. आणि लेकाला समजावून सांगितलं, की दादा, म्हातारपणी वाचायचा चष्मा आपोआप सुटला तर आनंद मानू नका. आतलं भिंग पिकतंय. जवळचं दिसतं, पण लांबचं जातं. रंग ओळखू येत नाहीत. आईला विचारा, लाल आणि तपकिरी लुगड्यात फरक कळतो का.

हे मी एरवीही सांगितलंच असतं. रोज सांगत होते. पण त्या दिवशी माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता का? होता. लुगड्याच्या रंगांत लाल आणि तपकिरीच का निवडले? ते मला विचारू नका.

आज्जी आणि लेक गेले. दुकानात आम्ही दोघंच उरलो. तुपे बाकावर पुढं वाकून बसले होते. कालव्याला गळती कुठं असेल ते शोधत आयुष्य गेलेला माणूस, त्याला फार सांगावं लागत नसावं.

"तपकिरी अन् लाल," ते म्हणाले.

मी काउंटर पुसायला लागले.

"अन् पेपर बिनचष्म्याचा." ते उठले. "ताई, मास्तर आले होते का हितं?"

"मी काही बोलले नाही, काका."

"नाय, तुम्ही काय बोलला नाहीत." त्यांनी काउंटरवरचा चष्मा उचलला, खिशात घातला आणि रिक्षा बघायला बाहेर पळाले. बासष्टीचा माणूस इतक्या घाईनं पायऱ्या उतरताना मी क्वचित पाहिलाय.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तुपे थेट मास्तरांच्या घरी गेले. मास्तरांनी आधी दार उघडलं नाही. उघडल्यावर तुपेंनी शिव्या घातल्या म्हणतात, मराठीत आणि उर्दूतही. मास्तर म्हणाले, मला ऑपरेशन करायचं नाही. तुपे म्हणाले, मग मीही चष्मा काढून खेळतो, दोघं आंधळे खेळू. खरोखरच पंधरा दिवस तसं खेळले. दोघंही टेबलाच्या कडा चाचपत. टेबलाशी गुण मांडणाऱ्या मार्करनं हात जोडले की कापड फाटेल, मालक मला काढून टाकतील. शेवटी मास्तरांच्या मुलीनं आणि तुपेंनी मिळून तारीख ठरवली. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तुपे सकाळपासून बसून होते. पट्टी काढल्यावर मास्तरांनी आधी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुपेसाब, आप तो बुड्ढे हो गए." हे सांगताना तुपे माझ्या दुकानात इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुसरा डोळा सहा महिन्यांनी झाला. लांबचा नंबर थोडा उरला, वाचायचा चष्मा परत लागला. पण मास्तरांनी तो चष्मा माझ्याकडून केला नाही. दोन दुकानं सोडून पलीकडं, तिथून केला. मला दिसेल अशा बेतानं केला असं नाही, पण मला दिसलं. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे, थांबायचे नाहीत. मी शब्द पाळला होता की मोडला होता, हे त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. मी रागावले नाही, पण मला लागलं. आजवर गिऱ्हाइकं गेली, आली. त्यातलं हे एकच जाताना मनाला कुठंतरी ओढून गेलं.

दीड वर्ष असं गेलं. मग एका दुपारी, पावणेतीनच्या सुमाराला, दुकानाबाहेर रिक्षा थांबली आणि मास्तर एकटेच आत आले. डोळ्यांवरचा चष्मा काढून समोर ठेवला.

"हा वाकल्यावर घसरतो," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता.

मी त्यांच्या हातात छत्री दिली आणि काउंटरवर वाकायला सांगितलं. ते वाकले, छत्रीला हनुवटी टेकवली. मी मापं घ्यायला लागले. असं वाकलेलं असताना एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून असेल, ते बोलायला लागले.

"तू माझ्यावर नाराज आहेस?"

"तुम्ही होतात, सर."

"होतो. पण तुला वाटतं त्यासाठी नाही. तुपेला कळलं, ते एका दिवसात विसरलो." त्यांनी हातातली छत्री काठीसारखी पुढं सरकवली. "जी दोन वर्षं मला दिसत नव्हतं ना, त्या दोन वर्षांत मी जितका खेळलो तितका तीस वर्षांत नाही खेळलो. काही दिसत नाही, म्हणजे सगळं डोक्यात मांडायचं. पांढरा इथं, लाल तिथं, कोन इतका. काठी मारायची आणि कान लावून ऐकायचं. खिशात पडल्याचा आवाज आला की अंगावर काटा यायचा. दहातला एक पडायचा. हरायचो, पण दुपार कधी होते म्हणून सकाळपासून घड्याळ बघायचो."

"आणि आता?"

"आता दिसतं. मारला की पडतो. तुपेचा हात आता पहिल्यासारखा नाही, मी पाचातले चार डाव जिंकतो. आणि साडेचार वाजले की मला घरी जावंसं वाटतं."

मी माप घेतलेला हात तसाच ठेवला. आमच्या धंद्यात असं कधी कुणी विचारत नाही, की दिसायला लागल्यावर काय गेलं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"मग हा चष्मा नीट करू की नको?"

ते सरळ झाले, पाठ चोळली, आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"कर. त्या दिवशी मी तुपेला सांगितलं होतं ना, की तुम्हाला बरं वाटावं म्हणून? तेव्हा ते साफ खोटं होतं. आता खरं झालंय, मुद्दाम हरत नाही, पण खेळतो ते त्याच्यासाठी. एक दिवस गेलो नाही तर तो घरी येऊन बसतो, दाराबाहेर चप्पल काढून, काही न बोलता. मग उठावंच लागतं." हसले. "आणि उठून गेलो की, एखादा चेंडू अजूनही असा अडतो, की डोकं लावावं लागतं. एखादाच. पण अडतो."

मी नाकाच्या पट्ट्या वाकवल्या, काड्या गरम करून तिरप्या केल्या. त्यांनी चष्मा घालून छत्रीवर परत एकदा वाकून बघितलं, मान डावीकडं-उजवीकडं केली.

"घसरत नाही."

बाहेरून रिक्षातून तुपेंचा आवाज आला. त्यांना आत यायची मनाई केलेली असावी, कारण ते रस्त्यावरूनच ओरडत होते.

"मास्तर, तीन वाजायले! टेबल दुसऱ्यानं धरलं तर मी बोलणार नाय हां!"

"आलो, आलो!" मास्तर छत्री माझ्या हातात देऊन पायऱ्या उतरले.

"आज पाच डाव," रिक्षातून आवाज.

"तीन."

"चार तरी?"

"तीन म्हटलं ना, तुपेसाब. घरी पाहुणे आहेत."

"पाहुण्यांना काय कळतंय? चार!"

रिक्षा वळून निराला बाजाराकडं निघाली, तरी दोघांचं मिटलं नव्हतं.